उतारावर फुटणारी गाडी

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज पिठाचा असायचा. जव्हारच्या बाजारपेठेत खाली दुकान, मागे भट्टी आणि वर आमच्या दोन खोल्या. खाली कारागीर मैद्याचा भलामोठा गोळा उचलून लाकडी टेबलावर आपटायचे, त्या धपक्याने वर भिंतीतली खुंटी हलायची आणि मला जाग यायची. मग भट्टीत लाकडं सरकवल्याचा आवाज, मग पाव भाजायचे पत्रे एकमेकांवर घासल्याचा, मग दादांचं खोकणं. दादा म्हणजे माझे वडील. थंडीत भट्टीच्या वरची फरशी इतकी छान तापायची की आम्ही अंथरुणं तिकडे ओढायचो. उन्हाळ्यात त्याच फरशीवर कोणी पाय ठेवायला तयार नसायचं. ताज्या पावाच्या वासाबद्दल लोक फार हळवे होतात. आम्हाला तो वास यायचाच नाही, नाकाला त्याची सवय झालेली. आणि पाव आम्ही खातही नसू. सकाळी चहात खारीचा चुरा, तोही पत्र्याच्या कोपऱ्यात मोडून पडलेला, आणि जेवायला नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, नाहीतर उडदाचं पातळ वरण. एवढी बेकरी असून भाकऱ्या कसल्या थापता, असं एखाद्या पाहुणीने विचारलं की आई म्हणायची, "चपलांचं दुकान असतं तर चपला खाल्ल्या असत्या का?"

दादांचा खरा धंदा दुकानात नव्हता, लाईनीवर होता. लाईन म्हणजे जव्हारहून मोखाड्यापर्यंत वाटेतल्या टपऱ्या, हॉटेलं आणि आश्रमशाळा यांना पाव, बटर, खारी, टोस्ट पोचवायची रोजची फेरी. आठवड्यातून एकदा ती पुढे सूर्यमाळपर्यंत चढायची. वर एका बाईंचं छोटं दुकान होतं, त्यांना टोस्ट लागायचे. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी टोस्टच्या शेजारी पाण्याचे कॅनही जायचे, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत टोस्टपेक्षा कॅनचीच वाट जास्त पाहिली जायची. या फेरीसाठी दादांनी नाशिकच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली होती. मागची सीट काढून तिथे पत्र्यांसाठी लोखंडी मांडणी बसवली होती. गाडी जुनी असली तरी तिला कार्बोरेटर नव्हता, पेट्रोल इंजेक्शनने जायचं, आणि याचा दादांना भारी अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगायचे, "इंजेक्शनवाली आहे. चोक ओढायला नको, थंडीत रडायला नको." आई आतून म्हणायची, "डॉक्टरची गाडी, इंजेक्शन देणारच."

मग दादांच्या मणक्यात गॅप निघाली. डॉक्टरांनी त्यांना पट्टा दिला आणि गाडीत फार वेळ बसायचं नाही, पत्रे उचलायचे नाहीत, असं बजावलं. मी तेव्हा नाशिकला मावशीकडे राहून कॉलेज संपवून नुकतीच घरी आले होते, आणि कॉलेजबरोबर ड्रायव्हिंग क्लासही केला होता. माणूस मिळेपर्यंत लाईन मी धरते म्हटलं. दादांना दुसरा पर्याय नव्हता, म्हणून हो म्हणाले. मला ते काम आवडलं, आणि फार लवकर आवडलं. दुकानाच्या काउंटरवर बसलं की दिवसभर एकच वाक्य ऐकावं लागतं, "पाव ताजा आहे ना?" आणि त्याच्या जोडीला गावातल्या बायका आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघून मनातल्या मनात कुणा भाच्याशी जुळवत असतात. लाईनीवर तसलं काही नाही. तिथे फक्त रस्ता, वळणं, डब्यात पाव मोकळा करायचा आणि निघायचं. अजूनही मला गाडी चालवत असताना जेवढं नीट सुचतं तेवढं खुर्चीवर बसून सुचत नाही.

अडचण एवढीच झाली की माझ्या हातात आल्यापासून गाडी फुटायला लागली. चढावर काही नाही, सपाटीला काही नाही. उतार लागला, मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मागून सायलेन्सरमध्ये फट्. मग फट् फट्. आणि उतार मोठा असला तर एक असा दणका, की पत्र्यावरच्या खाऱ्या जागच्या जागी उडायच्या. वाटेवरच्या पाड्यांतली पोरं लांबून गाडी दिसली की कानांवर हात ठेवून रांगेत उभी राहायची आणि बार झाला की नाचायची. मोखाड्यात तर तिला नावच पडलं, बारवाली गाडी. मी ते हसण्यावारी नेत होते, तेवढ्यात सोमाकाका दुकानात आले.

सोमाकाका वाटेवरच्या एका पाड्यातले, घरची नागली बैलगाडीतून बाजाराला आणणारे. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बैलाची तुटलेली वेसण. ती त्यांनी काउंटरवर, नानकटाईच्या बरणीशेजारी ठेवली.

"शेट, पोरीला गाडी दिली का बंदूक दिली?"

"काय झालं?" दादा म्हणाले.

"काय झालं काय. ही बाय उतारावरनं आली, धाड धाड दोन बार. माझं बैल गाडीसकट खाचरात. गोणी चिखलात. मी म्हटलं शिकारी आलं का काय, मी पण बैलांमागं पळालो."

"लागलं नाही ना कुणाला?"

"बैलाला नाय लागलं. मला लाज लागली, सगळा पाडा हसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तुझा बाप इतकी वर्सं त्याच उताराला उतरला. सावलीवानी जायचा. आवाज नाय काय नाय. तुझ्याच हाताला काय झालं?"

आईने त्यांना चहा आणि बटर दिलं. बटर कडक आहे अशी तक्रार करत त्यांनी ते चहात बुडवून संपवलं, आणखी एक घेतलं आणि वेसण घेऊन गेले. पण त्यांचं वाक्य दुकानातच राहिलं. संध्याकाळी दादा एकदम म्हणाले, "शैला, गाडीला तुझा हात मानवत नाही. बाजाराच्या दिवसापासून बाळू लाईन धरेल. तू काउंटरला बस. तसंही मला तिथे माणूस लागतोय."

बाळू मोखाड्याच्या स्टँडवर वडापची, म्हणजे सीटमागे भाडं घेणारी, जीप चालवायचा. चांगला मुलगा, केसाला तेल, शर्टाला इस्त्री. त्याचा दोष काहीच नव्हता. पण बाजाराला आठवडाही उरला नव्हता, आणि एकदा काउंटरवर बसले की तिथून कोणी मला उठू देणार नाही, ते थेट लग्नाच्या दिवशी, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्याकडे गाडी सोडवायला तेवढेच दिवस होते.

तोपर्यंत गावातले उपाय करून झाले होतेच. मिस्त्रीने प्लग बदलले. मग पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणाला, म्हणून आम्ही दुसऱ्या पंपावरून भरलं. मग एअर फिल्टर. मग सायलेन्सरच्या मागच्या डब्याला वेल्डिंग मारलं. प्रत्येक वेळी तो इंजिन जागेवर चालू करून हुंकार देई, "बघा, सुरळीत." आणि जागेवर ते सुरळीतच असायचं. आता माझ्या पुतण्याची गाडी स्वतःच स्वतःचा आजार मोबाईलवर कळवते, आणि तिला ॲक्सिलरेटरची केबलसुद्धा नाही, सगळं तारांवर चालतं. तेव्हा आमच्याकडे निदान करायला कान, नाक आणि ज्याचं-त्याचं मत एवढंच होतं, आणि मत सर्वांत स्वस्त.

बाळूने एक दिवस गाडी हाताखालून घालायची ठरवली. मला वाट दाखवायला बरोबर जावं लागलं. पुढच्या सीटवर बिस्किटांचे खोके होते, म्हणून मी मागे पत्र्यांच्या मांडणीला धरून बसले. चढ झाला, माथा आला, उतार सुरू झाला. मी कान टवकारले. काही नाही. ज्या वळणावर हमखास बार व्हायचा ते वळण गेलं, सोमाकाकांचं खाचर गेलं. चाकांची सरसर, पत्र्यांची किणकिण, खिडकीतला वारा. खाली पोचलो तेव्हा बाळू आरशात माझ्याकडे बघून समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. गाडीला हात लागतो."

मला वाईट वाटायला वेळ नव्हता. मागे बसल्यामुळे मला एक गोष्ट ऐकू आली होती, जी पुढे बसून कधी आली नसती. अख्ख्या उतारावर इंजिनचा आवाजच नव्हता. ते बिचारं एका सुरात गुणगुणत होतं, गाडी उभी असताना गुणगुणतं तसं. बाळूने माथ्यावर गिअर काढून न्यूट्रल केला होता आणि गाडी नुसती सोडून दिली होती. ती घसरगुंडी होती, चालवणं नव्हतं. आणि मग आठवलं, दादाही असेच उतरतात. जीपवाले असेच उतरतात. आमच्या घाटातला प्रत्येक माणूस पेट्रोल-डिझेल वाचवायला माथ्यावर न्यूट्रल टाकतो. लाईनीवर गिअरमध्ये उतरणारी मी एकटी. म्हणजे गाडी सगळ्यांच्या हातात आजारी होती, पण तिला खोकायला लावत होते फक्त मी.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते पट्टा सैल करून खाटेवर पडले होते.

"सगळेच न्यूट्रलला उतरतात," ते म्हणाले. "देवाने उतार फुकट दिलाय, तिथे पेट्रोल कशाला जाळायचं? तूही तशीच उतर. फुटणार नाही. प्रश्न मिटला."

"मी नाही उतरणार."

"का?"

"सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की लागत नाहीत."

"माझे कधी तापले?"

आई भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "मग त्या दिवशी खाली पोचल्यावर चाकांवर बादली ओतलीत, ती काय आंघोळ घालत होता?"

दादा भिंतीकडे वळले. पण दुसऱ्या सकाळी, मी पुन्हा पुन्हा म्हटल्यावर, पट्टा आवळून माझ्याबरोबर आले आणि जवळच्याच एका उतारावर स्वतः गाडी गिअरमध्ये उतरवली. पाय काढला. फट्. फट् फट्. आणि मग असा बार, की रस्त्याकडेच्या गवतातून एक कुत्रं उठून पळालं. दादांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "गाडीला तुझी सवय लागली."

असल्या माणसाला पुराव्याने पटत नाही, दुरुस्तीने पटतं. मी त्याच दुपारी कामाला लागले. सायलेन्सरमध्ये बार व्हायचा तर तिथे न जळलेलं पेट्रोल हवं आणि हवा हवी, एवढं मला भट्टीने शिकवलं होतं. आमच्या भट्टीच्या दाराची फट बुजवली नाही की ती अशीच मध्येच भडकायची. बाहेरची हवा आत कुठून तरी शिरत असणार. म्हणजे जोडात कुठेतरी गळती. ती शोधायला मला दुसरा माणूस हवा होता, आणि कारागीर झोपलेले होते. मी आईला बोलावलं.

आई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसली. पदर खोचून, पाय जवळ घेऊन, देवळात बसावी तशी.

"कुठला दाबू?"

"उजवीकडचा. हळू."

"किती हळू? शिलाई मशीनचा दाबतात तसा?"

"त्याहून हळू."

"मग दाबूच कशाला?"

इंजिन थंड होतं तोवरच हे करायला हवं होतं, नाहीतर हात भाजला असता. बॉनेट उघडून मी इंजिनच्या पुढच्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. त्याच्याखाली, इंजिनमधून धूर बाहेर येतो तिथे, सायलेन्सरच्या नळीचा पहिला जोड असतो. दुकानातून मूठभर मैदा आणून मी त्या जोडावर सगळीकडून भुरभुरला, केकवर पिठीसाखर टाकतात तसा. मग गाडी चालू करून, मागे सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या गोणपाटाचा बोळा दाबायला आमच्या शेजारच्या शिंपीकाकांना उभं केलं. ते रस्त्याने चालले होते, एवढाच त्यांचा अपराध. बाहेर जायला वाट मिळेना तसा धूर दुसरी वाट शोधू लागला. जोडाच्या खालच्या अंगाला मैदा एकदम उडाला. बाकी सगळीकडे जसाच्या तसा, आणि तेवढ्या एका जागी पांढरी पिचकारी, फुस् फुस् आवाज करत. जोडातलं पॅकिंग तिथे जळून गेलं होतं. नीट उकलून सांगायचं तर, पाय काढला की त्याच फटीतून उलटी हवा आत ओढली जात होती.

"सापडलं?" आईने आतून विचारलं.

"सापडलं. पाय काढ."

"मी कधीच काढलाय. पायाला मुंग्या आल्या."

ते पॅकिंग जव्हारला मिळेना. एसटीने नाशिक गाठलं. पार्टच्या दुकानातला माणूस माझ्या हातातला जळका तुकडा बघून म्हणाला, मालकाला पाठवा. मीच मालक आहे म्हटलं. त्याने पॅकिंग शोधलं, पण तेवढ्यावर थांबायचा त्याचा स्वभाव नव्हता. गाडी काय करते, कधी करते, हे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "पाय काढल्यावर फुटते म्हणता? शक्यच नाही. इंजेक्शनची गाडी आहे. गिअरमध्ये असताना पाय काढला की तिचा कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो. पेट्रोल नाही तर फुटणार काय? मॅडम, राग मानू नका, तुम्ही पाय काढतच नसणार. बायका पाय ठेवून चालवतात." दुकानातले दोघे हसले. मी पैसे टाकून निघाले आणि परतीच्या वाटेवर त्याला देण्यासारखी बरीच उत्तरं तयार केली, ती सगळी वाया गेली.

नवीन पॅकिंग मिस्त्रीने बसवलं आणि बाराची लवंगी झाली. दणका गेला, पण पाय काढला की मागून तडतड तडतड चालूच. अर्धं यश घेऊन मी त्या दिवशी लाईन संपवली. बाजार परवावर आला होता. घरी येताना सपाट रस्ता लागला तिथे माझ्या लक्षात आलं की मी पाय काढलाय आणि गाडी मंद होत नाहीये. ती आपली चाललीच आहे, न सांगता, एखादा पाहुणा निघतो-निघतो म्हणून बसून राहावा तशी. माझा अपमान करणारा तो पार्टवाला एकदम आठवला. मी पाय काढत होते. पण गाडीला ते कळतच नसेल तर?

रस्त्याकडेला थांबून मी पॅडल बोटाने हलवून बघितलं. त्याला जराही ढिलाई नव्हती. बॉनेट उघडलं. पॅडलपासून येणारी केबल इंजिनच्या हवेच्या तोंडावरची एक पाकळी ओढते. पाय काढला की त्या पाकळीचा दांडा मागे येऊन एका छोट्या खिळीवर टेकायला हवा. तो टेकत नव्हता. मध्ये आगकाडी सहज गेली असती एवढी फट होती, कारण केबल ताणून तिचे नट वर चढवलेले होते, आणि नटांवर पक्कडीच्या दातांच्या खुणा होत्या. मिस्त्री पाना वापरतो. पक्कड आमच्या घरात एकच माणूस वापरतो, आणि तो ती नळापासून रेडिओपर्यंत सगळ्याला वापरतो.

दादा पेपर वाचत होते.

"केबल तुम्ही ताणलीत?"

"रेस थोडी वाढवली होती," पेपरामागून उत्तर आलं. "मागेच."

"का?"

"रेस न देता स्लोवर ठेवली की बंद पडायची."

"कुठे?"

पेपर जरा खाली आला. "उतारावर. न्यूट्रलला."

मी खाटेच्या कडेला बसले आणि शांतपणे सांगितलं, कारण ओरडून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. गाडी न्यूट्रलला बंद पडायची, म्हणून तुम्ही केबल ताणली. केबल ताणल्यामुळे गाडीला वाटतं, चालवणाऱ्याचा पाय कायम पॅडलवर आहे. म्हणून मी गिअरमध्ये पाय काढला तरी ती पेट्रोल देतच राहते. ते धड जळत नाही, सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं. गिअरमध्ये उतरलं तर ही गाडी थेंबभर पेट्रोल पीत नाही, आणि न्यूट्रलला स्वतः चालू राहण्यासाठी तिला ते प्यावंच लागतं. तेव्हा इतकी वर्षं घाटात जे वाचवलं, ते वाचवलं नाही.

दादांनी पेपराची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"जीपला तसं नसतं," ते शेवटी म्हणाले.

"ही जीप नाही."

"हो. डॉक्टरची आहे," आई म्हणाली.

दुसऱ्या सकाळची लाईन दादांनी कारागिराबरोबर मित्राच्या टेम्पोतून पाठवली आणि गाडी माझ्या ताब्यात दिली. आधी ती स्लोवर का बंद पडायची ते बघायला हवं होतं, नाहीतर केबल सैल केल्यावर पुन्हा तेच. हवेच्या तोंडाची रबरी नळी काढली तर आत काजळी बसलेली, पाकळीच्या कडेला तर काळ्या तुपासारखी. जुन्या धोतराचा तुकडा पेट्रोलमध्ये बुडवून मी ते तोंड आणि त्याच्या बाजूचं स्लोच्या हवेचं बारीक भोक पुसत बसले. दादा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. थोड्या वेळाने न मागता टॉर्च धरला. मग पाना घेऊन नट मागे आणले, दांडा खिळीवर टेकला, पॅडलला बोटभर ढिलाई आली. गाडी सुरू केली. ती जरा चाचरली, मग स्लोवर स्थिर झाली, पूर्वीपेक्षा कितीतरी हलक्या आवाजात.

आम्ही दोघं मोठ्या उतारावर गेलो. मी चालवत होते. माथ्यावर तिसरा गिअर टाकला आणि पाय काढला. इंजिनने गाडीला मागून धरलं, तो ओढल्यासारखा घुमारा आला, आणि त्याच्या मागे काही नाही. पहिलं वळण. दुसरं. कानांवर हात ठेवून उभी असलेली पोरं आमच्याकडे बघत राहिली, मग एकाने हात काढून दुसऱ्याला काहीतरी विचारलं. पायथ्याला पोचेपर्यंत मी ब्रेकला जेमतेम दोन-तीनदा हात लावला असेल, म्हणजे पाय. दादा उतरले, कमरेवर हात ठेवून वाकले, पुढच्या चाकाजवळ तळवा नेला आणि थंडच आहे बघून परत येऊन बसले. घरी येईपर्यंत ते नागलीच्या पिकाबद्दल बोलत होते.

बाळूचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणायची सोय होते, हे मला त्यांच्याचकडून कळलं होतं. बाजाराच्या सकाळी नेहमीसारखी पाव भरायची घाई उडाली. मी पत्रे मांडणीत सरकवत होते तेव्हा बाळू आला, नवा शर्ट, केसाचा भांग पाण्याने बसवलेला.

"शेट, चावी?"

दादा खाऱ्यांवर कागद घालत होते. "बाळू, एक अडचण झालीय. गाडीत काम केलंय थोडं. आता ही न्यूट्रलला उतरत नाही."

"उतरत नाही म्हणजे?"

"गिअरमध्येच उतरावी लागते. तसं सेट झालंय. ज्याला त्याची सवय नाही, त्याला ती ऐकत नाही. तुझा हात वेगळा, जीपचा."

बाळूने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताईंना जमतं?"

"तिला तेवढंच जमतं."

"मग मी काय करू?"

"काउंटरला माणूस पाहिजे," दादा म्हणाले. "पंख्याखालचं काम आहे."

बाळू हसला आणि नको म्हणाला, आणि आईने दिलेल्या दोन खाऱ्या खिशात घालून स्टँडकडे गेला. दादांनी चावी माझ्यासमोर पत्र्यावर ठेवली. ते जे बोलले ते साफ खोटं होतं. गाडी न्यूट्रलला पूर्वीपेक्षाही छान उतरली असती. पण चुकीचं निदान एकदा का होईना माझ्या बाजूने लागलं होतं, आणि ते दुरुस्त करायची मला काही घाई नव्हती. मी मागचं दार लावलं, चावी घेतली आणि निघाले.